संघ वाचायचा तर 55व्या मिनिटापासून

प्रश्न थोडक्यात असा: भारताच्या पुरुष संघाची पंधरा-पंधराची रग्बी कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) नोव्हेंबरात गोव्यात, संध्याकाळी 5 वाजता ठरली असे धरले, तर 23 जणांचा संघ कसा निवडावा? विचारणारे फोंड्याचे आहेत, फुटबॉल पाहत वाढलेले, आणि 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेव्हन्सचे, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचे, सामने पाहून रग्बीकडे वळलेले. त्यांच्या मित्रांत वाद दोनच गोष्टींवर रंगतो: दहा नंबरची जर्सी कोणाला द्यायची, आणि सगळ्यांत वेगाने पळणारे दोघे विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडांना, का नाहीत.

वाद जरूर घाला. पण विंगर आणि फ्लाय-हाफ (दहा नंबर) ही निवड समितीच्या कागदावर सगळ्यांत शेवटी येणारी नावे आहेत. पहिले नाव तीन नंबरचे, म्हणजे टाइटहेड प्रॉपचे: स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना भिडून ढकलतात, त्यात पुढच्या फळीत उजवीकडे असतो तो. त्यातही सामन्याला सुरुवात करणारा टाइटहेड कोण, यापेक्षा 55व्या मिनिटाला त्या जागी कोण उभा असेल हे आधी ठरवा. गोव्यात 5 ला सामना सुरू झाला तर पहिला अर्ध पावणेसहाच्या पुढे संपतो, मध्यंतर धरून दुसरा अर्ध 6 नंतर सुरू होतो, आणि 55वे मिनिट साधारण सव्वासहाला येते. तोवर सूर्य बुडालेला असतो, खारे वारे पडलेले असतात, गवतावर दव धरू लागते, आणि तासभर दमट हवेत ढकलाढकली केलेल्या आठ फॉरवर्डांचे पाय जड झालेले असतात. कसोटी तिथे फिरते. म्हणून त्या मिनिटाला मैदानावर हवे असलेले पंधरा जण आधी लिहून काढा आणि तिथून उलटे मागे येत सुरुवातीचे पंधरा ठरवा.

नियमही याच बाजूने ढकलतो. 23 जणांच्या यादीत पुढच्या फळीत खेळू शकणारे सहा जण असावेच लागतात: लूजहेड (डावा प्रॉप), हुकर (मधला), टाइटहेड असे तीन सुरुवातीला आणि प्रत्येकाच्या जागी उतरू शकणारा एकेक राखीव. 16, 17, 18 हे नंबर रिवाजाने त्यांचेच. आठ राखीव म्हणजे आठ मोकळ्या जागा असा समज असेल तर तो इथेच सोडा. तीन गेल्या, उरल्या पाच. दुखापतींमुळे त्या जागांसाठी प्रशिक्षित माणूसच उरला नाही तर रेफरी ढकलाढकलीविना स्क्रम लावतो, आणि ज्याच्या जाण्याने ही वेळ आली त्याच्या बदली कोणालाही उतरवता येत नाही. संघ चौदावर येतो. पुढच्या फळीतल्या खेळाडूला पिवळे कार्ड मिळाले तर स्क्रमसाठी राखीव प्रॉप आत येतो, पण त्याच्यासाठी कर्णधाराला दुसरा एक खेळाडू बाहेर काढावा लागतो, बहुतेक वेळा एखादा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड). त्यामुळे ‘अठरा नंबर कोणीही चालेल’ असे कोणी म्हणाले की वाद तिथेच थांबवा.

टाइटहेडची जागा इतकी अवघड का, हे स्क्रमच्या रचनेत दिसते. लूजहेडचे डोके बाहेरच्या बाजूला मोकळे असते. टाइटहेडचे डोके मात्र समोरच्या हुकर आणि लूजहेडच्या मध्ये अडकते आणि दोघांचा भार त्याच्या दोन्ही खांद्यांवर येतो. त्याने उजवा हात समोरच्या लूजहेडच्या हाताबाहेरून नेऊन जर्सीची पकड घ्यायची असते. व्हिडिओ पाहताना चेंडू विसरा आणि फक्त त्या उजव्या कोपराकडे बघा. ताजा टाइटहेड असेल तर कोपर खांद्याच्या रेषेत राहतो. थकला की कोपर जमिनीकडे वळतो, पकड दंडापर्यंत घसरते आणि स्क्रम त्याच बाजूने कोसळतो. दुसरी खूण कमरेची. समोरचा लूजहेड आत तिरका घुसायला लागला आणि याची कंबर बाहेर फिरली, तर पाठीचा कणा ढकलीच्या रेषेत राहत नाही. मागच्या लॉकची (दुसऱ्या फळीतल्या उंच फॉरवर्डाची) ताकद वाया जाते आणि पेनल्टी रेफरीला दिसेल तशी पडते, बऱ्याचदा मागे हटणाऱ्यावरच. त्या पेनल्टीवर प्रतिपक्ष तीन गुण घेतो किंवा कोपऱ्यात किक मारून पाच मीटरवर स्वतःचाच लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणे) मिळवतो. तिथून मॉल (चेंडूवाल्याला धरून उभ्यानेच रेटणे), ट्राय (गोल-रेषेपलीकडे चेंडू टेकवणे, पाच गुण), कन्व्हर्जन (त्यानंतरची किक, दोन गुण). एका वळलेल्या कोपराची किंमत सात गुण.

म्हणून प्रॉपची तुलना करताना दोन्ही उमेदवारांचे फक्त दुसऱ्या अर्धातले स्क्रम पाहा. पहिल्या अर्धातले स्क्रम फसवतात, तिथे सगळेच ताजे असतात. आणि एक प्रॉप दोन्ही बाजूंना खेळतो असे कोणी सांगितले, तर त्याने टाइटहेडला किती सामने सुरुवातीपासून खेळले ते विचारा. क्लबच्या सामन्यात पंधरा मिनिटे उजवीकडे उभा राहिलेला लूजहेड हा कसोटीचा टाइटहेड नव्हे.

पुढच्या फळीत कमी माणसे ठेवण्याचा जुगार किती अंगाशी येऊ शकतो, याचे सगळ्यांत मोठे उदाहरण 2023 चा विश्वचषक. दक्षिण आफ्रिकेचा हुकर माल्कम मार्क्स जखमी झाला तेव्हा त्यांनी त्याच्या जागी हुकर बोलावला नाही. फ्लाय-हाफ हँड्रे पोलार्डला बोलावले. हुकर म्हणून उरला बाँगी म्बोनाम्बी, आणि त्याला राखीव डिऑन फूरी, जो मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळत होता. 28 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात म्बोनाम्बी सुरुवातीच्या काही मिनिटांतच बाहेर गेला. जवळजवळ पूर्ण सामना फूरीला लाइनआउटचे थ्रो टाकावे लागले आणि आफ्रिकेचा लाइनआउट डळमळला. तरी ते 12-11 ने जिंकले, आणि ते बाराही गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे. म्हणजे ज्या निर्णयाने हुकरची जागा उघडी पडली, त्याच निर्णयाने सामना जिंकून दिला. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि तसेच वापरायला हवे: जुगार खेळायचा तर त्या बदल्यात नेमके काय मिळणार हे आधी सांगता आले पाहिजे. पोलार्डची किक ही ठोस गोष्ट होती. ‘अनुभव’ किंवा ‘ड्रेसिंग रूममधले वजन’ असली उत्तरे त्या तोडीची नाहीत.

आता उरलेल्या पाच राखीव जागा. आठही राखीव धरून नेहमीची वाटणी पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक (फॉरवर्डांच्या मागे खेळणारे). सहा-दोन आता सर्रास दिसते, आणि त्याच अंतिम सामन्यात आफ्रिकेने सात-एक ठेवले होते. राखीवांत एकटा विली ल रू हा बॅक, दुसरा स्क्रम-हाफसुद्धा (नऊ नंबर) नाही. गोव्यातल्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी सहा-दोनच्या बाजूने आहे. कारण दमटपणा. घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि याची झळ 110-120 किलोच्या माणसांना सगळ्यांत आधी लागते. कोरड्या थंड हवेत 60 मिनिटे चालणारा प्रॉप इथे 50 च्या आतबाहेर बदलायची तयारी हवी. तिन्ही पुढचे आणि एक लॉक साधारण एकाच सुमारास बदलता आले पाहिजेत. फार उष्ण-दमट हवा असेल तर रेफरी प्रत्येक अर्धात एकदा, जास्तीत जास्त मिनिटभर, पाण्यासाठी खेळ थांबवू शकतो. पण तो त्याचा अधिकार आहे, आपल्या योजनेचा आधार नाही.

सहा-दोनची जोखीम बॅक्समध्ये आहे, आणि ती नीट समजून घ्या. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर नेऊन तपासायचे आणि ठीक असल्यास परत आणायचे, ही सोय सर्वोच्च पातळीवरच्या मान्यताप्राप्त सामन्यांतच असते. ती नसेल तिथे कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि तो परतत नाही. दोन बॅक असे गेले की तिसऱ्याच्या जागी फ्लँकरला विंगवर उभे राहावे लागते. इथे भारताकडे एक जमेची बाजू आहे. आपले बरेच राष्ट्रीय खेळाडू सेव्हन्समध्ये घडलेले आहेत, आणि सेव्हन्सचा फॉरवर्ड मोकळ्या मैदानात पळणे, एकास-एक टॅकल करणे आणि उंच चेंडू झेलणे रोज करतो. 20 किंवा 21 नंबरवर असा फ्लँकर असेल तर सहा-दोन झेपते. तसा नसेल तर पाच-तीनच ठेवा. 22 नंबर खरा स्क्रम-हाफ हवा, आणि 23 नंबरने दहा आणि पंधरा या दोन्ही जागा सामन्यात खेळलेल्या असाव्यात, फक्त सरावात नव्हे.

सेव्हन्सच्या खेळाडूंबद्दलचा गोंधळ मात्र दूर करायला हवा, कारण गोव्यातल्या 2023 च्या स्पर्धेपासून मुंबईत 2025 मध्ये झालेल्या रग्बी प्रीमियर लीगपर्यंत आपल्या प्रेक्षकांनी पाहिले ते बहुतेक सेव्हन्सच. सेव्हन्सचा अर्ध सात मिनिटांचा, स्क्रम तिघांचा, आणि त्यात खरी ढकलाढकली जवळजवळ नसते. तिथला तारा पंधराच्या खेळात विंग, फुलबॅक (पंधरा नंबर), तेरा नंबर (बाहेरचा सेंटर) किंवा ओपनसाइड (मोकळ्या बाजूचा) फ्लँकर या जागांवर लवकर बसतो. प्रॉप, हुकर आणि लॉक या पाच जागांवर तो बसत नाही. ती माणसे बॉम्बे जिमखाना, कोलकात्याचा सीसीएफसी, दिल्ली हरिकेन्स, लष्कराचा संघ अशा पंधराचे खेळणाऱ्या संघांतच शोधावी लागतात. तेरा नंबरलाही एक अट आहे. पंधराच्या बचावात तेरावरचा खेळाडू कधी आत यायचे आणि कधी बाहेर सरकायचे हा निर्णय प्रत्येक फेज़ला (दर टॅकलनंतरच्या नव्या चढाईला) घेतो, आणि सेव्हन्समध्ये जागा इतकी मोकळी असते की ही सवयच लागत नाही. वेगवान पोराला तेरावर टाकून पहिल्या वीस मिनिटांत त्याच्या आतल्या खांद्याजवळून दोन ट्राय गेल्या, तर दोष त्याचा नसतो.

लॉकची निवड उंचीवर होते, पण फक्त उंची पुरेशी नसते. लाइनआउटला उडी मारणारे किमान तीन हवेत: दोन लॉक आणि सहा (फ्लँकर) किंवा आठ नंबर (स्क्रममधला सगळ्यांत मागचा). दोनच असतील तर समोरचा संघ 20 मिनिटांत ओळखतो आणि पुढच्या जागेवर स्वतःचा माणूस आधीच वर उचलतो. 55व्या मिनिटाला एक लॉक बदलला की हे तीन उरतात का ते कागदावर तपासा. बहुतेक वाद करणारे हे विसरतात. उचलणारे प्रॉप पुढून मांडीवरच्या टेपची आणि मागून शॉर्ट्सची पकड घेतात. गोव्याच्या घामात ती टेप सैल होते, म्हणून मध्यंतराला जुनी काढून, मांडी कोरडी पुसून नवी लावायची. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण पाच मीटरच्या लाइनआउटला हात घसरला आणि उडी मारलेला माणूस अर्ध्यावरून खाली आला, तर चेंडू तर जातोच, पाठीवर पडला तर लॉकही जातो.

फ्लँकरांबद्दल एवढेच की सहा-सातचा फरक जर्सीवरून ठरवू नका. दक्षिण आफ्रिकेत ओपनसाइडला सहा नंबर देतात, सिया कोलिसी सहा घालतो तो त्यामुळे. कोण रकवर (टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूवरच्या झटापटीत) पहिला पोचतो आणि कोण पेनल्टी न देता चेंडू अडवतो, हे मोजा.

आता नऊ-दहा-पंधरा. इथे तुमच्या मित्रांचा वाद रास्त आहे, फक्त तो नावावर न होता कामावर व्हावा. अशा संध्याकाळी दोन अर्धांत दोन वेगळे खेळ होतात. पहिल्या अर्धात पश्चिमेकडून समुद्राचे वारे वाहतात, चेंडू कोरडा असतो. दुसऱ्या अर्धात वारा पडतो आणि चेंडू दव-घामाने निसरडा होतो. पहिल्या अर्धात वाऱ्याबरोबर खेळायला मिळाले तर लांब किक मारणारा दहा नंबर सोन्याचा: आपल्या अर्धातून मारलेली किक प्रतिपक्षाच्या 22 मीटर रेषेच्या आत टप्पा घेऊन बाहेर गेली, तर थ्रो आपल्याला मिळतो. दुसऱ्या अर्धात लांब पास सुटतात, त्यामुळे नऊ नंबरची बॉक्स किक (फॉरवर्डांच्या मागून मारलेली उंच किक) आणि पंधरा नंबरचे उंच चेंडू झेलणे निर्णायक ठरते. म्हणून फुलबॅक निवडताना त्याच्या धावांच्या चित्रफितींपेक्षा दिव्यांच्या उजेडात त्याने किती उंच चेंडू धरले आणि किती पुढे सांडले, ते पाहा. सांडलेला प्रत्येक चेंडू म्हणजे प्रतिपक्षाचा स्क्रम, आणि पुन्हा आपल्या थकलेल्या टाइटहेडवर भार.

गोल-किकर हा वेगळा निकष आहे आणि तो कोणत्याही जागेवरचा असू शकतो. त्याची चाचणी अशी घ्यावी: डाव्या 15 मीटर रेषेवरून दहा, उजव्या रेषेवरून दहा किक, संध्याकाळी सव्वासहाच्या पुढे, चेंडू पाण्याच्या बादलीत बुडवून टॉवेलने एकदाच पुसलेला, आणि प्रत्येक किकच्या आधी 60 मीटरची एक धाव. घड्याळ लावा, कन्व्हर्जन असो की पेनल्टी, मिळतात 60 सेकंद. उजव्या पायाने मारणाऱ्यांना बहुधा उजवी बाजू अवघड जाते. दोन किकर असतील आणि एक डावखुरा असेल तर दोघांना सुरुवातीला घ्यायला हरकत नाही. मुख्य किकर 60व्या मिनिटाला बदलला जाणार असेल तर त्याच्यानंतर कोण, हे नाव आधीच ठरलेले हवे. 2023 च्या उपांत्य सामन्यात पोलार्ड 31व्या मिनिटाला उतरला आणि 78व्या मिनिटाच्या त्याच्या लांबच्या पेनल्टीने इंग्लंड 16-15 ने हरले. ती पेनल्टी राखीव प्रॉप ऑक्स न्चे उतरल्यानंतरच्या स्क्रममधून आली होती. राखीव प्रॉप आणि किकर यांचा संबंध किती जवळचा, ते त्या एका खेळीत दिसते.

मैदानाचे माप संघनिवडीत येते, हे गोव्यात आवर्जून सांगावे लागते. रग्बीला दोन गोल-रेषांमध्ये 94 ते 100 मीटर, रुंदी 68 ते 70 मीटर, आणि दोन्ही टोकांना किमान 6 मीटरचे इन-गोल (गोल-रेषेमागचा, ट्राय टेकवायचा पट्टा) लागते. म्हणजे कमीत कमी लांबी 106. फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय मैदान 105 बाय 68. फातोर्ड्यासारख्या फुटबॉल मैदानावर गोल-रेषेपलीकडचे गवत धरून हे कसेबसे बसवावे लागेल, आणि ॲथलेटिक्स ट्रॅक असलेल्या मैदानात इन-गोलचे कोपरे ट्रॅकच्या वळणाला भिडतात. इन-गोल सहा-सात मीटरच असेल तर बचावाच्या मागे घरंगळती किक टाकून विंगरने ट्राय करायची, ही योजना जवळजवळ बाद. चेंडू इन-गोलच्या मागच्या डेड-बॉल रेषेपलीकडे जातो आणि प्रतिपक्ष किक जिथून मारली तिथे स्क्रम मागू शकतो. अशा मैदानावर वेगापेक्षा मॉल आणि जवळून चेंडू रेटणारे फॉरवर्ड गुण मिळवतात. ‘दोन वेगवान पोरगे का नाहीत’ याचे अर्धे उत्तर या सहा मीटरांत आहे. कृत्रिम गवताचे फुटबॉल मैदान असेल तर ते वर्ल्ड रग्बीच्या वेगळ्या मानकात बसते का, हेही आधी बघावे लागते.

कर्णधार पुढच्या फळीतला नेमायला माझा विरोध नाही, कारण स्क्रमवर रेफरीशी बोलायला तोच योग्य. पण तो 50व्या मिनिटाला बाहेर येणार. म्हणून उपकर्णधार असा हवा जो 80 मिनिटे मैदानावर राहणार हे नक्की आहे: बहुधा नऊ, बारा किंवा आठ नंबर. पेनल्टीवर गोल की कोपरा, हा निर्णय शेवटच्या 20 मिनिटांत तोच घेणार.

शेवटी, गोव्यात हमखास निघणारा मुद्दा. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांची मुले तिथल्या क्लबांत पंधराचे रग्बी खेळतात. त्यांतला एखादा चांगला प्रॉप भारताला का घेता येत नाही? वर्ल्ड रग्बीच्या नियमात अडचण नाही: आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारतात जन्मले असेल तर खेळाडू पात्र ठरतो. 2022 पासून तर दुसऱ्या देशाकडून कसोटी खेळलेल्यालाही तीन वर्षे आंतरराष्ट्रीय खेळापासून दूर राहून, जन्माच्या किंवा अशा पूर्वजांच्या देशाकडे एकदा जाता येते. अडते ते दुसरीकडे. केंद्र सरकारच्या 2008 पासूनच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघातून भारतीय नागरिकच खेळू शकतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) पुरत नाही. त्यामुळे असे नाव पुढे आले की त्याचा स्क्रम पाहण्याआधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा, आणि भारतीय असेल तर आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्मदाखला तपासून मग त्याच्या दुसऱ्या अर्धातल्या स्क्रमचा व्हिडिओ मागा.